पाण्यात गेलं ते गेलंच का?

“पुरात बुडालेलं विजेचं कुठलंही उपकरण पुन्हा वापरायचं नाही, सरळ टाकून द्यायचं.” २०१९ च्या ऑगस्टपासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याच्या मागून येणारं वाक्यही मला पाठ झालंय: “जिवापेक्षा वस्तू मोठी नाही.” जिवाचं नाव निघालं की समोरच्याने गप्प बसायचं असतं. मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत हा सल्ला येतो, मदतकेंद्राच्या भोंग्यावरून येतो, पुण्याहून चौकशीला आलेल्या भाच्याच्या तोंडून येतो. मध्यंतरी आमच्या पेठेत पुराच्या पूर्वतयारीची म्हणून एक बैठक झाली. तिथे एका निवृत्त अभियंत्यांनी तो पुन्हा दिला आणि वर पुस्ती जोडली, की हे मेकॅनिक लोक चार पैशांसाठी ओली उपकरणं चालू करून देतात आणि गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळतात. मी मागच्या खुर्चीवर होतो. सांगलीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवून मला तीस वर्षं होऊन गेली. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तिन्ही पुरांची खूण दुकानाच्या भिंतीवर आहे. २०१९ ची सगळ्यांत वर, कारण त्या साली आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. बैठक चहावर संपली, मला बोलायला मिळालं नाही. म्हणून हा कागद.

साहेबांचं भय खोटं नाही, हे आधी सांगून टाकतो. घर धुता धुता कुणीतरी मेन चालू करतं, ओल्या भिंतीत करंट उतरतो आणि पुरातून वाचलेला माणूस पाणी ओसरलेल्या घरात जातो. त्यात इन्व्हर्टर हा छुपा वैरी. महावितरणने लाइन तोडली, घरच्यांनी मेन पाडला, सगळे निर्धास्त. पण माळ्यावर चढवून ठेवलेला इन्व्हर्टर खालच्या बुडालेल्या सॉकेटांना इमानेइतबारे वीज पुरवत बसलेला असतो. पाणी दारात येण्याआधी तो बंद करा, हे मी त्या बैठकीत सांगणार होतो. सुधारायच्या नाहीत अशा वस्तूंची यादीही माझ्याकडे आहे, आणि साहेबांना वाटते तेवढी ती आखूड नाही. एमसीबी, ईएलसीबी, स्विच, सॉकेट, होल्डर, एक्स्टेंशन बोर्ड यांच्या आत एकदा गाळ गेला की विषय संपला. बुडालेला एमसीबी बोटाने टकाटक खालीवर होतो, पण शॉर्ट झाल्यावर पडेल की नाही, हे तो पडेपर्यंत कुणालाच कळत नाही. लिथियमच्या बॅटऱ्याही तशाच. २०२२ साली फ्लोरिडात इयन चक्रीवादळात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या विजेच्या मोटारी पाणी ओसरून कित्येक दिवस झाल्यावर जागच्या जागी पेटल्या. फुगलेली किंवा पाणी प्यालेली बॅटरी मी दुकानात रात्रभर ठेवून घेत नाही.

पण इथून ‘सगळंच टाका’ इथवर उडी कशी जाते? साहेबांनी आधार दिला तो अमेरिकेतल्या ‘नेमा’ या विद्युत साहित्य उत्पादकांच्या संघटनेच्या मार्गदर्शिकेचा. मुलाकडून समजून घेत घेत मी ती वाचली. बुडालेले मोल्डेड ब्रेकर बदला, असं तिच्यात स्वच्छ लिहिलंय. त्याच तिच्यात मोटारींपुढे लिहिलंय की जाणत्या माणसाकडून साफ करून, तपासून त्या पुन्हा वापरता येतात. कागदावर दोन रकाने असताना साहेबांनी एकच वाचून दाखवला. आणि ही संघटना कुणाची, तर नवा माल विकणाऱ्यांची. ‘सगळंच फेका’ असं त्यांच्याच्यानेसुद्धा लिहवलं नाही.

आता मुद्द्याचं. पाण्याने बोर्ड मरतो, ही समजूतच मुळात कच्ची आहे. कित्येक कारखान्यांत सर्किट बोर्डावर पार्ट सोल्डर झाले की फ्लक्सचा चिकटा काढायला तो बोर्ड शुद्ध केलेल्या पाण्यानेच धुतात आणि गरम हवेत वाळवतात. तुमच्या टीव्हीतल्या बोर्डाला जन्मतःच आंघोळ घडलेली असू शकते. पुराचं पाणी वेगळं, हे खरं. आमच्या कृष्णेच्या पाण्यात तेव्हा उसाच्या रानातलं खत असतं, गटारं असतात, गॅरेजमधलं ऑइल असतं, किराणा दुकानातलं मीठ असतं. अशा पाण्यातून वीज सुखाने वाहते. ओल्या बोर्डाला सप्लाय दिला की प्लसकडच्या ट्रॅकचा धातू विरघळतो, मायनसकडे जाऊन साचतो आणि तिथून झाडाच्या मुळीसारखा फाटे फोडत उलट वाढत येतो. भिंगाखाली बघितलं तर नेच्याच्या पानासारखी नक्षी दिसते. दिसते सुरेख, पण पलीकडच्या ट्रॅकला टेकली की शॉर्ट. याला काही मिनिटं पुरतात. सप्लाय दिलाच नाही, तर नासाडी होते ती गंजाच्या चालीने, दिवसांच्या हिशेबाने. त्या दिवसांत माणसाला हातपाय हलवता येतात.

हातपाय हलवायचे म्हणजे काय करायचं? पुन्हा पाण्यात घालायचं. हे सांगितलं की गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघत राहतं. “आवं, पाण्यातनंच काढलाय की!” असं एका मावशींनी मला मारुती चौकात भर रस्त्यात सुनावलं होतं. पण गाळ ओला आहे तोवरच धुतला जातो. एकदा वाळला की तो रिलेच्या पट्टीवर, कनेक्टरच्या पिनांखाली, मोटारीच्या तारांच्या फटीत विटेसारखा भाजून बसतो, आणि हवेत जरा दमटपणा आला की त्यातलं मीठ पुन्हा ओलं होतं. मार्चमध्ये धडधाकट चालणारा टीव्ही जूनमध्ये मरतो तो याच्यामुळे. म्हणून पहिल्याच दिवशी नळाच्या स्वच्छ पाण्याने धुवायचं, मऊ ब्रश मारायचा, शेवटचं पाणी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचं, मग आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग वाळवण. अर्थात हे सगळं वस्तू उघडता येणाऱ्या माणसाने करायचं. टीव्हीच्या पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट बसून असू शकतात, आणि ते हात लावणाऱ्याचं शिक्षण विचारत नाहीत.

प्रत्येक पुराची तऱ्हाही वेगळी. सांगलीत पाणी पायरी पायरीने चढतं आणि पाहुण्यासारखं मुक्काम ठोकतं. २०१९ साली ते आठवडाभर हललं नाही. तेवढ्यात तांबं हिरवं होतं, लोखंडाची पत्री उलते. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी शिरली ती रात्रीतून आणि परतली तीही लगबगीने, मागे गाळाचे थर टाकून. तिथल्या वस्तू बाहेरून भयंकर दिसत होत्या आणि आतला धातू लखलखीत होता. मी हे ऐकून सांगत नाही. माझी धाकटी बहीण चिपळूणला दिलेली आहे. त्या जुलैत आमच्याही दुकानात पाणी होतंच, ते निस्तरून ऑगस्टात हत्यारांची पिशवी घेऊन तिच्याकडे गेलो, तेव्हा दारात कचऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट बघत मिक्सर, इस्त्री, दोन टेबलफॅन आणि वॉशिंग मशीन ओळीने मांडून ठेवलेलं होतं. दाजी म्हणाले, “राहू दे ओ, नवं घेऊ.” कशाने घेणार होते देव जाणे, दुकानातला सगळा माल गाळात होता.

मिक्सर मी उचलला. बुडाची रबरी बुटं काढली, चार स्क्रू काढले, तर आर्मेचर आणि फील्डच्या मधल्या फटीत तांबडा गाळ असा गच्च बसलेला, की शाफ्ट हाताने फिरेना. बादलीत पाणी घेऊन मोटार बुडवली, हलवली, काढली. पहिलं पाणी चहासारखं निघालं, पाचवं निवळशंख. तारांवरचं वार्निश कुठे उडालेलं नव्हतं. चिपळूणच्या ऑगस्टात ऊन कुठलं यायला? पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडली, आत शंभर वॉटचा बल्ब लावला आणि मोटार त्या उबेला ठेवली, अंडी उबवायला ठेवावी तशी. पहिल्या संध्याकाळी मेगर लावला. मेगर म्हणजे वायंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये ५०० व्होल्ट देऊन गळती मोजायचं यंत्र. काटा जवळजवळ शून्यावर. तेव्हा कुणी प्लग लावला असता तर साहेबांचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं असतं. एक मेगओहमच्या खाली वस्तू लाइनीला लावायची नाही, हा आमचा नियम. चौथ्या दिवशी काटा वीसच्या पुढे गेला. नवे कार्बन घातले, बुशला तेल सोडलं, बुडाशी असतं ते लाल बटणाचं ओव्हरलोड बदललं. सगळा खर्च दोनशेच्या आत. इस्त्री टाकली, तिचा थर्मोस्टॅट सडला होता. फॅन दोन्ही चालले. वॉशिंग मशीनचं पुढे सांगतो.

साहेबांसारख्यांच्या हातात कोलीत दिलं ते मात्र आपणच, हेही कबूल करतो. ‘कडक उन्हात दोन दिवस ठेवलं, आता लावून बघू,’ हा आपला आवडता प्रयोग. लावून बघू, या दोन शब्दांनी जेवढी उपकरणं मारली तेवढी कृष्णेने मारली नसतील. कुणी हेअर ड्रायरने फुंकतं आणि बाहेरचं पाणी आणखी आत ढकलतं. मोबाइल तांदळात पुरणारे तर घरोघर. तांदूळ पाणी ओढत नाही म्हटलं तरी चालेल, उलट त्याचा कोंडा चार्जिंगच्या खोबणीत जाऊन बसतो. अॅपलनेसुद्धा २०२४ मध्ये आपल्या ग्राहकांना सांगितलं की फोन तांदळात ठेवू नका. आणि मला एक कळत नाही, पुरात घर बुडाल्यावर कोरडे तांदूळ कुणाकडे उरतात?

“दुरुस्तीच्या खर्चात नवं येतं,” हा साहेबांचा दुसरा हुकमी पत्ता. हे खरं आहे का, ते वस्तू वस्तू घेऊन बघावं लागेल. साधा एका दाराचा फ्रिज घ्या. त्याचा जीव म्हणजे कॉम्प्रेसर. तो पोलादी डब्यात वितळवून बंद केलेला असतो, आतला गॅस बाहेर येत नाही तर बाहेरचं पाणी आत कसं जाईल? बुडतं ते त्याच्या कुशीला लावलेलं रिले-ओव्हरलोड, थर्मोस्टॅट आणि दिव्याचा होल्डर. रिले-ओव्हरलोडची जोडी दोन-तीनशे रुपयांना मिळते. ती बदलायची, वायरिंग धुऊन वाळवायचं, मेगर लावायचा. २०१९ ला माझ्याकडे आलेले असे बहुतेक फ्रिज चालू झाले. इन्व्हर्टर फ्रिजला मागे बोर्ड असतो, तिथे खर्च वाढतो, कधी कधी परवडत नाही. तसं सांगून परत पाठवलेत. वॉशिंग मशीनचा बोर्ड बहुधा रेझिनच्या थरात बुडवूनच कारखान्यातून येतो, कारण वापरात तो ओला होणार हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं. बहिणीच्या मशीनचा बोर्ड पुसला आणि चालला. मोटार काढून वाळवावी लागली, कपॅसिटर बदलावा लागला. पाण्याच्या मोटारीचं तर सांगायलाच नको. जळालेली मोटार वायंडिंग करून आणणं ही आपल्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या उन्हाळ्यातली एक फेरीच असते. शेतकऱ्याला कुणी सांगून बघावं की मोटार भिजली, टाकून दे.

टीव्हीचं मी खोटं सांगणार नाही. चपट्या टीव्हीच्या पॅनेलमध्ये पाणी शिरलं की काचेमागच्या पडद्यांवर ढग उमटतात आणि कडेच्या फितीसारख्या जोडण्या गंजतात. पॅनेल नवं घालायचं तर टीव्हीच नवा येतो. असे टीव्ही मी हात जोडून परत केले. एवढा विवेक दुकानात बसलेल्या माणसाला असतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

नवं घ्या म्हणणाऱ्याने पैसे कुठून आणायचे तेही सांगावं. आपत्तीच्या मदतीचे केंद्राचे निकष कुणीही काढून बघावेत. बुडालेल्या घरासाठी त्यात दोन बाबी आहेत, कपडे आणि भांडी. २०२२ पासूनच्या निकषांत कुटुंबामागे कपड्यांना २,५०० आणि भांड्यांना २,५०० रुपये. राज्य सरकारं त्यावर आपली भर घालतात, २०१९ ला घातली, २०२१ लाही घातली, पण कागदावर घर म्हणजे अजून कपडे आणि भांडी एवढंच. ज्या घरात फ्रिज, मिक्सर, पंखे, टीव्ही, पाण्याची मोटार आणि पोराचा मोबाइल आहे, त्या घराला पाच हजार हातात देऊन वर ‘विजेचं सगळं टाका’ म्हणायचं, याला सल्ला म्हणत नाहीत. वॉरंटीच्या कार्डावर पाण्याने झालेलं नुकसान आधीच वगळलेलं असतं. राहिला विमा. तो घराला उतरवणारे आमच्या पेठेत किती निघतील? ज्यांचा होता अशा एका दुकानदाराची गोष्ट सांगतो. “सर्व्हेअर येईपर्यंत कशाला हात लावू नका,” असा त्याला फोनवर हुकूम झाला. सर्व्हेअर बाराव्या दिवशी आला. तोवर जे धुऊन वाचलं असतं तेही ओलं राहून सडलं, आणि अहवालात शेरा पडला की माल पुरामुळे निकामी. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: पाण्याच्या खुणेसकट फोटो काढा, नंबराच्या पट्टीचा फोटो काढा, आणि मग धुवायला बसा.

आता साहेबांना एक थोरामोठ्यांचा दाखला देतो, कारण मेकॅनिकचा ते घेणार नाहीत. २०११ च्या ऑक्टोबरात थायलंडमध्ये मोठा पूर आला आणि बँकॉकच्या उत्तरेला बांग-पा-इन इथला वेस्टर्न डिजिटल कंपनीचा हार्ड डिस्कचा कारखाना बुडाला. जगभर डिस्कचे भाव चढले, ते आम्हाला पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या होलसेलवाल्यांकडेही लागले. तर या कंपनीने काय केलं? पाणी ओसरायची वाटसुद्धा बघितली नाही. पाणबुडे उतरवून पाण्याखालची यंत्रं वर काढली, धुतली, वाळवली, तपासली, आणि नोव्हेंबर संपता संपता त्या आवारात पुन्हा उत्पादन सुरू केलं. ज्या कामाला धुळीचा कण चालत नाही अशा कामाची ती यंत्रं. स्वतःचा माल बुडाला की कंपनीला पाणबुडे सुचतात, आणि आमच्या मावशींचा मिक्सर बुडाला की तिला भंगाराचा ट्रॅक्टर. हा फरक पाण्यातला नाही.

डिस्कचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, त्यात ‘टाका’वाले आणि ‘वाळवा’वाले दोघेही आपटतात. कॉम्प्युटर बुडाला की आतली हार्ड डिस्क वाळवायची नाही आणि चालू तर मुळीच करायची नाही. तिच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गाळाचं पाणी आत जातं. ते आत वाळलं की तबकडीवर करपलेल्या दुधासारखं धरतं, आणि वर सप्लाय दिला की वाचणारी सुई ते खरवडत फिरते. ती ओलसरच, बंद पिशवीत घालून डेटा काढणाऱ्या जाणकाराकडे द्यायची. एका फोटोग्राफरने मला न विचारता दोन दिवस गच्चीवर ऊन दाखवलं आणि मग केबल लावली. त्यात चार वर्षांची लग्नं होती. याउलट कोलंबिया यान २००३ मध्ये कोसळलं तेव्हा त्यातली एक करपलेली डिस्क टेक्सासमधल्या एका आटलेल्या तळ्याच्या तळाशी सहा महिन्यांनी सापडली, आणि तिच्यातली सुमारे ९९ टक्के माहिती निघाली. आकाशातून पडलेली, जळलेली, चिखलात रुतलेली वस्तू. ती उचलणाऱ्याने टाकली नाही म्हणून निघाली.

जीव वाचवायचाच असेल तर माणसं पाठवा. केरळात २०१८ च्या महापुरानंतर आयटीआयची पोरं आपल्या मास्तरांबरोबर घरोघर फिरून वायरिंग तपासत होती, पंखे-मिक्सर उघडून दुरुस्त करत होती. आपल्याकडे सांगलीला, कोल्हापूरला, चिपळूणला आयटीआय आहेत. इलेक्ट्रिशियन, वायरमन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, फ्रिज-एसी असे सगळे ट्रेड त्यांत शिकवतात. पूर काही वर्षांनी पुन्हा येतो आणि ही पोरं दर वर्षी मेगर धरायला शिकून बाहेर पडतात. पाणी ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक टेबल, एक मेगर, चार बादल्या आणि दोन जाणती पोरं बसवली, तर कुठली वस्तू धुवायची, कुठली टाकायची आणि कुठल्या घरात मेन चालू करायचाच नाही, हे तिथल्या तिथे ठरेल. हे मी बैठकीच्या वहीत लिहून दिलंय. वही कुठे आहे, विचारलं तर सांगता येत नाही म्हणतात.

साहेबांनी आमच्या धंद्याला लावलेला बोल मात्र मी सगळाच झटकणार नाही. आमच्यात असे आहेत. धुवायचा कंटाळा म्हणून नुसतं पुसतात, ओव्हरलोडचा पार्ट मिळाला नाही तर वायर डायरेक्ट करून देतात, पंधरा दिवस चाललं तर नशीब. पण हा माल त्यांच्याकडे येतो कुठून, हे साहेबांनी कधी बघितलंय का? दारात टाकलेला फ्रिज नाहीसा होत नाही. कायद्याने तो ई-कचरा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे त्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर येते. पुराच्या गावात तो नियम रस्त्यावर उतरलेला मी बघितला नाही. तिथे गादी, गहू, वह्या आणि फ्रिज एकाच ढिगाऱ्यात असतात, आणि ट्रॅक्टरच्या आधी पहाटे हातगाडी येते.

२०१९ च्या पुरात हरभट रोडजवळच्या एका ओळखीच्या घराने निळा फ्रिज टाकला. पुण्याच्या भाच्याने सांगितलं म्हणून. दारावर त्यांच्या नातवाने चिकटवलेली मुळाक्षरं होती, ‘क’ नव्हता, ‘ख’पासून सुरुवात. पुढच्या उन्हाळ्यानंतर कुपवाडच्या बाजूला एका पत्र्याच्या खोलीत पंखा बघायला गेलो, तर कोपऱ्यात तो उभा. ‘ख’पासून. त्या बाईंनी भंगारवाल्याकडून पंधराशेला घेतला होता. दार उघडायच्या आधी त्यांनी पायात स्लिपर सरकवली. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाल्या, “मारतोय ओ तो. अनवाणी हात लावायचा न्हाई, पोरांस्नी पण सांगितलंय.” मागे बघितलं: अर्थिंगची तार कापून दोन पिनांचा प्लग लावलेला, ओव्हरलोड काढून तारा सरळ पिळलेल्या, थर्मोस्टॅटच्या टोकांवर गाळ तसाच, वाळून पांढरा पडलेला. धुतलं कुणीच नव्हतं. टाकणाऱ्याने नाही, उचलणाऱ्याने नाही, विकणाऱ्याने नाही.

दुसऱ्या दिवशी सामान घेऊन गेलो. रिले-ओव्हरलोड, थर्मोस्टॅट, तीन पिनांचा प्लग, आणि खोलीला अर्थिंगच नव्हतं म्हणून बाहेर एक पाइप ठोकून तार आत घेतली. गास्केटच्या घडीत स्क्रूड्रायव्हर फिरवला तर कृष्णेचा गाळ अजून निघत होता. मेगर लावला, काटा वर गेला. मग मी स्वतः अनवाणी उभा राहून दाराला हात लावून दाखवला, दोनदा. बाईंनी मान हलवली, चहा केला, आणि दुधाची पिशवी ठेवायला उठल्या तेव्हा दाराकडे जाता जाता पायाने स्लिपर शोधली.